सीडी खराब नाही, बाबा!

दिवाळीच्या बोनसमधून तुम्ही गोंदियाला आई-बाबांसाठी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतलात. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली, सोमवारी लॉग-इन केलं, बॉसची मीटिंग सुरू झाली... आणि फोन वाजला. ‘‘अरे, ते आत्याच्या लग्नाचं पेनड्राइव्हमध्ये भरून आणलं, तर टीव्हीवर लागूनच नाही राहिलं. काहीतरी इंग्रजीत लिहून येऊन राहिलं. मूळ सीडीच खराब झाली वाटते. फेकून देऊ का?’’

थांबवा! आधी बाबांना थांबवा, मीटिंगचं नंतर बघू.

ते इंग्रजीत लिहून येतं ना, ‘फाइल नॉट सपोर्टेड’, ते फाइलबद्दल नसतंच मुळी. टीव्ही स्वतःबद्दल सांगत असतो की बाबा रे, मला हे वाचता येत नाही. पण आपल्याकडे अर्थ असा लावला जातो की माल बिघडला. मग घराच्या साफसफाईत त्या चकत्या भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर एक अख्खं लग्न जातं. टीव्ही काय, पाच-सहा वर्षांनी दुसरा येईल. आत्याचं लग्न परत कुठून आणणार?

आता थोडं टेक्निकल. गोंदियाच्या लोकांना हे समजवायला सोपं आहे, कारण तांदूळ! पोत्यावर एचएमटी छापलंय म्हणून आत एचएमटीच असेल असं कोणी मानत नाही. मूठभर काढून, दाणा बघून मगच भाव होतो. व्हिडीओ फाइलचंही तसंच. नावाच्या शेवटी असलेलं एमपी४, एव्हीआय किंवा एमकेव्ही हे फक्त पोतं. आतला दाणा म्हणजे कोडेक, चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेत ती पद्धत. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरला ठरावीक दाणेच ओळखू येतात, कारण कंपनीने तेवढेच शिकवलेले असतात. काहींसाठी तर लायसन्सचे पैसे मोजावे लागतात. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेल्सपासून डीटीएस हा आवाजाचा प्रकार काढून टाकला. एलजीने २०२० मध्ये तेच केलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेल्सवर तो परत आणला. म्हणजे तुमची फाइल तीच, घर तेच, टीव्ही उलट महागडा, आणि हिरो तोंड हलवतोय पण आवाज नाही! यात फाइलचा काय दोष?

आत्याचं लग्न २००३-०४ चं असेल तर ते बहुतेक व्हीसीडीवर असणार. त्यात ‘.डॅट’ नावाची फाइल असते आणि आत एमपीईजी-१ पद्धतीचं, ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र. बऱ्याच टीव्हींना ‘डॅट’ हे नावच माहीत नसतं. कधी कधी नावाचं शेपूट बदलून ‘.एमपीजी’ केलं तरी काम भागतं. लग्न दोन-चार वर्षांनंतरचं असेल तर डीव्हीडी. तिथे वेगळीच गंमत. डीव्हीडीतलं चित्र एक-एक जीबीच्या ‘व्हॉब’ तुकड्यांमध्ये कापलेलं असतं. ते तसेच कॉपी केले की टीव्हीवर मंगलाष्टकांच्या मधोमध लग्न थांबतं आणि घरच्यांना वाटतं पुढचं पुसलं गेलं. पुसलं नाही हो, पुढच्या फाइलमध्ये आहे!

यावर पहिला उतारा म्हणजे टीव्हीच्या प्लेअरला बाजूला सारून दुसरा प्लेअर टाकणं. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर प्ले स्टोअरवर व्हीएलसी आणि कोडी दोन्ही फुकट मिळतात. व्हीएलसी, म्हणजे तो केशरी शंकूवाला, १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टमधून सुरू झाला. आपले दाणे तो सोबतच घेऊन येतो, त्यामुळे डॅट, व्हॉब, जुना एव्हीआय, सगळं पचवतो. (२०२२ मध्ये भारतात त्याची वेबसाइट काही महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरमध्ये ती परत सुरू झाली. तरी टीव्हीवर टाकताना स्टोअरमधूनच घ्या. कुठल्या तरी लिंकवरून आलेला शंकू शंकूच असेल याची गॅरंटी नाही.) कोडी आधी एक्सबीएमसी नावाने ओळखला जायचा, २०१४ मध्ये नाव बदललं. घरात फिल्मी कीडा असेल आणि मोठी लायब्ररी नीट मांडायची असेल तर कोडी. बाबांसाठी मात्र व्हीएलसीच बरा. कोडीचा मेनू बघून माझीच दोन मिनिटं नुसती कौतुकात जातात.

ॲप टाकलं म्हणजे सुटलो असं नाही. फोनवरून रिपेअरिंग करताना एक पथ्य पाळा: बाबांना ‘काय झालं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘चालून नाही राहिलं’ हेच येणार. विचारा, चित्र दिसतं का? आवाज येतो का? की ॲपमध्ये यादीच रिकामी आहे? एवढ्यावर अर्धं निदान होतं.

यादी रिकामी असेल तर शंभरातल्या बऱ्याच वेळा मामला परवानगीचा असतो. पहिल्यांदा उघडताना ॲपने फाइल्स बघू का असं विचारलं आणि बाबांनी, फ्रॉडच्या बातम्या वाचून वाचून, सरळ ‘डिनाय’ दाबलं. (शाबास बाबा, पण इथे नको!) टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे व्हीएलसी, तिथे परमिशन्स. चालू करा.

चित्र आहे, आवाज नाही? मग ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पासथ्रू’ चालू आहे का बघा. तो चालू असला की ॲप आवाज स्वतः न उलगडता जसाच्या तसा पुढे ढकलतं. पुढे मोठी साउंड सिस्टिम असेल तर ठीक, नुसता टीव्ही असेल आणि त्याला ती पद्धत येत नसेल तर शुकशुकाट. बंद करा, आवाज येईल. आवाज आहे पण चित्र अडखळतं, हिरवं होतं? ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून बघा. टीव्हीची चिप एखादा प्रकार अर्धवटच समजत असेल तर हा उपाय लागू पडतो. मात्र मोठी फोर-के फाइल असेल तर यानेच जास्त अडखळेल, तेव्हा परत चालू करायचं.

आणि काल चालत होतं, अपडेटनंतर आज बंद? ‘फोर्स स्टॉप’, मग ‘क्लिअर कॅशे’. त्याच्या शेजारचं ‘क्लिअर डेटा’ दाबायचं नाही! कोडीवर तुम्ही तासन्‌तास बसून लावलेली अख्खी लायब्ररी त्याने साफ होते. शेवटी टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने लावणं. रिमोटने बंद केलेला टीव्ही बहुतेक वेळा नुसता डुलकी घेत असतो.

टीव्हीच्या स्टोअरमध्ये व्हीएलसी मिळतच नसेल तर फाइलच बदलून घ्यावी लागते. लॅपटॉपवर हॅन्डब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, डीव्हीडीचा पूर्ण फोल्डर त्याला दाखवा. तो तुकडे सांधून एकच एमपी४ देतो, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. हे दोन दाणे न ओळखणारा स्मार्ट टीव्ही शोधून सापडायचा नाही. ‘डीइंटरलेस’ तेवढं चालू ठेवा, नाहीतर नवरीने हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही, तेव्हा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी बाहेर काढून.

हे सगळं घाईने करायला हवं, कारण घरी भरलेल्या डीव्हीडीत माहिती एका रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि ऊन-उकाड्याने तो थर उतरत जातो. कपाटावर ठेवलेल्या चकतीने विदर्भातले वीस मे महिने काढलेत, अजून किती काढणार? आपल्याकडे नुसती लग्नंच आहेत असंही नाही. अर्जुनी मोरगावकडच्या कितीतरी घरांत झाडीपट्टीच्या नाटकाची, दंडारीची जुनी सीडी सापडते. दिवाळीनंतर रात्रभर चालणारी ही नाटकं वडशाच्या कंपन्या करतात. झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुण्या-मुंबईत अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पण गावच्या हौशी मंडळाच्या दंडारीत आजोबांनी केलेलं सोंग कुठल्याच ओटीटीवर येणार नाही. ते त्या एका चकतीवर आहे, आणि टीव्ही म्हणतो ‘नॉट सपोर्टेड’.

नव्या मंडळींनी आपल्या फोनकडेही बघा. आयफोन आपोआप एचईव्हीसीमध्ये शूट करतो, आणि घरचा टीव्ही जुना असेल तर भाचीचं बारसं तिथे उघडत नाही. कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा.

मूळ चकत्या मात्र एमपी४ झाल्यावरही टाकू नका. कॉपी दोन, एक तुमच्याकडे, एक ताईकडे. लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पा नसेलच, तर यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह घ्या किंवा गावातल्या फोटो स्टुडिओत विचारा. आणि फाइलचं नाव ‘न्यू फोल्डर टू’ ठेवू नका. आत्याचं नाव, तिरोडा, वर्ष, असं लिहा. देवनागरी नावाच्या जागी टीव्हीवर चौकोन दिसले, तर तेच इंग्रजी अक्षरांत.