पातेल्यांचा रकाना

‘घरकामातून प्रार्थनेला सवडच होत नाही,’ असे आपल्या धर्मग्रामात घरोघरी ऐकू येते. सांगणारी बहुधा बाई असते. आम्हां स्वयंसेवकांचे ठरलेले उत्तर असते : ‘बाई, काम हीच प्रार्थना.’ उत्तर खोटे नाही, पण आम्ही ते फार स्वस्तात देतो.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स होते. पूर्वीचे शिपाई, पायाने अधू. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हते. तरी सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ते केले. एकदा मठासाठी द्राक्षारस विकत आणायला त्यांना बर्गंडीला धाडले. व्यवहाराचे अंग नाही, पाय चालत नाही; नावेत पिंपांवरून लोळतच त्यांना इकडून तिकडे जावे लागे. हे काम तुझेच आहे, एवढे देवाला सांगून ते लोळत.

ही गोष्ट प्रवचनांत येते. त्यातला एक भाग मात्र गळतो. पहिली दहा वर्षे आपली फार ओढाताण झाली, असे त्यांनी स्वतःच पत्रात लिहिले आहे. मन भटके, त्याला पुन्हा आणावे लागे. आपण मात्र उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत शांती मागतो! जोंधळ्याची भाकरी थापताना मन शेजारणीच्या टोमण्याकडे गेले, तर स्वतःवर चिडून काय उपयोग? ध्यानात आले की प्रभूचे नाव घ्यावे आणि पुढचा उंडा हाती घ्यावा. उद्याही मन जाईलच. कदाचित थोडे लवकर परत येईल.

लूकच्या शुभवर्तमानातली मार्था आठवा. प्रभूने तिच्या मनाची दगदग दाखवून दिली. चूल विझव असे सांगितले नाही. पण सगळे काम एकटीवर पडले, ही तिची तक्रारही तिथे नोंदलेली आहे. तिच्यावरून आम्ही भराभर पुढे सरकतो.

आणि ब्रदर लॉरेन्स यांच्या मठात स्वयंपाकघर पुरुषांच्याच हाती होते, हे कसे विसरतो? आपल्याकडे सणाची मिस्सा झाली, जेवणे उरकली की मंडपामागे नळावर बायकाच बसतात आणि आम्ही पुरुष खुर्च्या मोजत उभे असतो. येत्या सणाच्या कामांची यादी लागेल तेव्हा वाचन आणि गायन यांच्याखाली पातेल्यांचाही रकाना असावा. त्यात पहिली नावे आम्हां पुरुषांची लिहावीत. तेवढा अर्धा तास बायकांना निवांत रोझरीला बसता येईल.