दोन आठवड्यांची शाळा

दादासाहेब फाळके यांचे चित्रपट-शिक्षण जेमतेम दोन आठवड्यांत आटोपले, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन थेट संपादकाला भेटले. त्या ओळखीवर सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, यंत्रे हाताळली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परतले. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आज गावोगावी चित्रपट शिकवणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमांचे पेव फुटले आहे. कुणी दहा दिवसांत दिग्दर्शक घडवतो, कुणी दोन रविवारांत पटकथाकार. जाहिरात करणाऱ्यांना फाळक्यांचे उदाहरण फार सोयीचे वाटेल. उलट, ‘अशाने कुठे कला येते?’ म्हणून नाक मुरडणारेही पुष्कळ आहेत. मला वाटते, दोघांनीही फाळक्यांची गोष्ट अर्धीच वाचली आहे.

कारण लंडनला गेलेले फाळके कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. वय ४१. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात झालेले शिक्षण, छायाचित्रणाचा व्यवसाय, छापखान्याचा अनुभव, ब्लॉक करण्याचे कसब, शिवाय जादूचे प्रयोग. प्रकाश, रसायन, रेषा आणि प्रेक्षकांची नजरबंदी, या चारही गोष्टी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. दोन आठवड्यांत त्यांना फक्त एक धागा हवा होता, ज्यात हे सगळे मणी ओवता येतील. छोटा अभ्यासक्रम धागा देऊ शकतो; मणी ज्याचे त्याने आणायचे असतात.

दुसरी गोष्ट, परतल्यावर त्यांनी काय केले ती. एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस एकेक करून टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता जमिनीतून वर आले. हा त्यांचा गृहपाठ. तो त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्याला दाखवला आणि पैसा उभा केला. कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला या वाटाण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. प्रस्तावात स्वप्ने सगळेच लिहितात. नमुना फार थोडे जण दाखवतात.

आणि त्या घराचा हिशेबही पाहावा. लंडनच्या प्रवासासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला यंत्राने भोके पाडीत, धुण्याच्या कामात मदत करीत आणि शूटिंगच्या मंडळींचा स्वयंपाकही बघत. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चित्रे मावतात, म्हणजे एकोणसाठ हजारांहून अधिक चित्रे झाली. त्यांतले एकही फुकट घालवणे परवडणारे नव्हते. आज मोबाइलवर हवे तेवढे चित्रण करता येते. फिल्मच्या फुटाफुटाची धास्ती गेली हे चांगलेच झाले, पण आधी विचार करून मग कॅमेरा सुरू करण्याची सवयही तिच्याबरोबर गेली. ती सवय परत लावणे हे छोट्या अभ्यासक्रमाचे पहिले काम आहे.

दुसरे काम नजरेचे. कादंबरीकार ‘तो उठून निघून गेला’ असे चार शब्द लिहून मोकळा होतो. चित्रपटात मात्र तो बसला होता कशावर, दार कोणत्या बाजूला, उठताना त्याने कुणाकडे पाहिले, आपण त्याचा चेहरा पाहायचा की पाठ, आणि दार लागल्याचा आवाज ऐकू द्यायचा की नाही, हे सगळे ठरवावे लागते. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. तो पलीकडे गेला, तर दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात आणि प्रेक्षक गोंधळतो. असे नियम एका दुपारी सांगून होतात. पण ते एकदा कळले, की माणूस पुढचा प्रत्येक चित्रपट वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. दिग्दर्शक न झालेल्या विद्यार्थ्यालाही ही कमाई पुरते.

कसब मात्र एका दुपारी येत नाही. त्यासाठी जुनी वाट उमेदवारीची. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी न जाता कॅमेरा घडवला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी पडेल ते काम करीत तयार झाली. त्यांच्यासह १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्रभात’च्या पुण्यातल्या जागेतच १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. म्हणजे उमेदवारीची शाळा आणि पुस्तकाची शाळा एकाच आवारात नांदल्या. याच संस्थेने २०१७ पासून छोटे अभ्यासक्रम देशभरच्या गावांत नेण्याचा उपक्रम हाती घेतला, हे तिच्या लौकिकाला शोभणारेच झाले.

पुण्या-मुंबईबाहेर शिक्षण पोचले की काय होते, याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अभ्यासक्रम दोन आठवड्यांचा नव्हता, हे खरे. पण शाळेची ओढ असलेल्या, परिस्थितीने अडवलेल्या मुलाची ती गोष्ट कुठल्या स्टुडिओच्या शोधात निघाली नव्हती. ती सांगणाऱ्याजवळ होतीच. हवे होते ते साधन आणि ‘कर’ म्हणणारे कुणीतरी.

म्हणून पालकांनी आणि तरुणांनी पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. शेवटी प्रत्येकाच्या हातून एक पूर्ण झालेला, भले तीन मिनिटांचाच, चित्रपट होणार का? ध्वनी आणि संकलन शिकवणार, की नुसता कॅमेरा मिरवणार? आणि खर्चाचा अंदाज मांडायला शिकवणार का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी हसतील. हसू द्यावे. गाडीभाडे, जेवण, एक दिवस पाऊस पडला तर होणारे नुकसान, हे कागदावर न मांडल्यामुळे अर्धवट राहिलेले चित्रपट कुठल्याही इतिहासात सापडत नाहीत. त्यांचे हप्ते मात्र घरची माणसे फेडत राहतात. भूमिका मिळवून देण्याचे आश्वासन कुणी देत असेल, तर तिथे चौथा प्रश्न विचारायला थांबू नये.

जिल्ह्याच्या महाविद्यालयांनी असे वर्ग मराठीतून आणि शेतकऱ्याच्या मुलीला परवडेल अशा फीमध्ये चालवावेत. प्रमाणपत्र नाही दिले तरी चालेल. वर्ग संपल्यावर महिनाभराने मुलांना पुन्हा बोलवावे आणि एवढेच विचारावे, की कुंडीत काय पेरलेत, ते दाखवा.