नेमणुकीआधीच्या बाई

आमच्या पिंगळीत संध्याकाळी पाचच्या सुमारास देवळाच्या पारावर पंधरा-वीस लेकरं जमतात. त्यांच्यात एक मुलगी बसलेली असते. ‘बसलेली’ हे मुद्दाम लिहिते, कारण ती उभं राहून शिकवत नाही. वय एकोणतीस, डी.एड. झालेली, टीईटी पास. घरी थोडी कोरडवाहू जमीन. गावातली मोठी माणसं तिला ‘मॅडम’ म्हणत नाहीत, कारण तिला अजून नोकरी नाही. लेकरं मात्र ‘बाई’ म्हणतात.

बचत गटाच्या बैठकीहून परतताना मी एकदा सहज तिथं टेकले. कापूस वेचणीमुळे महिनाभर शाळेत न गेलेलं एक नऊ वर्षांचं पोरगं पाटीवर बेचाळीस गुणिले आठ करताना अडलं होतं. तिनं पाटी बाजूला ठेवली अन् विचारलं, ‘‘तुझ्या मायनं काल किती कापूस वेचला?’’ ‘‘बेचाळीस किलो.’’ ‘‘किलोला आठ रुपये धरले तर किती झाले?’’ पोरगं क्षणभर थांबलं आणि म्हणालं, ‘‘चाळीस किलोचे तीनशे वीस, वरच्या दोन किलोचे सोळा. तीनशे छत्तीस.’’ ‘‘मग आत्ता तोंडानं केलंस तेच पाटीवर लिही की!’’

पोरगं लिहीत बसलं. मला मात्र घरी जाववेना.

तिची एक वही आहे. त्यात पाठ टाचण नाही, लेकरं आहेत. एकेका लेकराला एकेक पान. कोण कुठं अडलं, कोण कशाला हसलं, कुणाचा बाप ऊसतोडीला गेला. वीटभट्टीवर आलेल्या एका लमाण कुटुंबातली मुलगी दोन महिने तोंडच उघडत नव्हती. ‘आ आईचा’ म्हटलं की नुसती बघायची. मग हिला कळलं, की त्या लेकराच्या घरी आईला ‘याडी’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘या’ आला, मग ‘डी’. मुलीनं पहिला शब्द वाचला तो ‘याडी’. तिथून ‘आई’पर्यंत यायला तिला फार दिवस लागले नाहीत.

‘‘आधी लेकराचं ऐकायचं काकू, मग आपलं सांगायचं. एवढंच करायले मी,’’ ती म्हणते. सगळं जमतंच असं नाही. ‘नुसत्या गप्पा मारते, घरचा अभ्यास देत नाही’ म्हणून दोन घरांनी लेकरं काढून शिकवणीला घातली. तेव्हा ती रडली होती. पण शुद्धलेखनाकडं आपलं दुर्लक्ष झालं होतं, हेही तिनं कबूल केलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

आता प्रश्न असा, की ही वही तपासणार कोण?

मैत्रिणींनो, प्राथमिक शिक्षक व्हायची वाट तुमच्या घरातल्या लेकीसुनांपैकी कुणी ना कुणी तुडवत असेलच. आधी पदविका. मग २०१३ पासून महाराष्ट्रात सुरू झालेली टीईटी: दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या गटाला त्यातले नव्वद हवेत. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोन तासांत दोनशे प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद! मग ‘पवित्र’ प्रणालीवर पसंतीक्रम भरायचे आणि यादीची वाट बघायची. वाट तरी किती? ही चाचणी २०१७ मध्ये झाली, पुढची थेट २०२३ मध्ये, त्यानंतर २०२५ मध्ये. सहा वर्षांच्या त्या खंडात मुलींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली, पुस्तकं माळ्यावर गेली.

एवढ्या चाळण्यांतून जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी निवड होताना तिला लेकरांसमोर एकदाही उभं केलं जात नाही. मुलाखत आणि अध्यापन कौशल्याचे गुण आहेत, ते खाजगी संस्थांच्या भरतीत.

इथं मला घाईनं सरकारला नावं ठेवायची नाहीत. मी स्वतः बी.ए. झाले तेव्हा मलाही शिक्षिका व्हायचं होतं. एका संस्थेत गेले. मुलाखत दोन मिनिटांची झाली, पण बाहेर वडिलांशी जे बोलणं झालं ते अर्धा तास चाललं. आकडा ऐकून वडील गप्पच बसले. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. त्यामुळं निव्वळ गुणांवर, कुणाला भेटायला न जाता कोरडवाहू शेतकऱ्याची लेक शाळेत रुजू होऊ शकते, याचं मोल मला कळतं. मुलाखत आणा म्हटलं की पाठोपाठ पाकीट येतं, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. आणि परीक्षाही काही सोवळ्यातली राहिली नाही. टीईटीतले गैरप्रकार २०२१ मध्ये उघडकीला आलेच.

तेव्हा परीक्षा असू द्या. पण परीक्षा एवढंच सांगते, की हिला माहिती आहे. शिकवता येतं का, ते सांगत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या बाई पुन्हा गाईड घेऊन बसल्या. त्यांच्या वर्गातली लेकरं वाचतात का, हे मात्र त्या कागदावर दिसणार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम तेवीस जणांना दुसरीचा धडा वाचता आला. खरं दुखणं तिथं आहे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं डी.एड.च्या मुलींना पाठ असतात. बोर्डीला १९४५ मध्ये त्यांनी काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी लेकरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. परीक्षेत ‘कुरणशाळा कोणी सुरू केली?’ एवढंच विचारतात. पारावरच्या ह्या पोरीनं वेचणीतला हिशोब पाटीवर आणला, त्याला गुण नाहीत.

मग बघायचं कधी? माझ्या मते जागा आहे, आपण ती वाया घालवतो. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तेव्हा प्राथमिकला मानधन तीन हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार झालं. पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही. सरकारचे पैसे वाचतात, बाकी त्या तीन वर्षांतून काय निघतं? घरापासून दूरच्या जिल्ह्यात मुलगी खोली करून राहते, माहितीचे तक्ते भरते आणि तीन वर्षं संपायची वाट बघते. खरं तर हीच शिकायची वर्षं. जुन्या जाणत्या शिक्षिकेनं आठवड्यातून एकदा तिच्या वर्गात मागं बसावं. केंद्रप्रमुखांनी तक्ते मागण्याआधी दोन लेकरांना वाचायला सांगावं. तिला काय सुचतंय, कुठं चुकतंय हे लिहून ठेवावं. ह्यात पाकिटाला जागा नाही, कारण नेमणूक आधीच झालेली असते.

ह्यात आपलंही काम आहे बरं का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका ठेवल्या आहेत. आपण सदस्य असतो अन् रजिस्टर घरी आलं की सही करून मोकळ्या होतो. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. बैठकीत खिचडी आणि पत्र्यांवरच बोलणं होतं. नव्या बाईंना आपण काय विचारतो? ‘गाव कोणतं’ आणि ‘लग्न झालं का’!

पारावरच्या पोरीला सध्या दोन स्थळं आलीत. एकांचं म्हणणं, नोकरी लागली तर बघू. दुसऱ्यांचं, आता नोकरीचं डोक्यातून काढा. ती पुढच्या चाचणीचा अभ्यास करायलीय. परवा गेले तर लेकरं यायच्या आधी बुद्धिमत्तेची गणितं सोडवत बसली होती, मांडीखाली ती दुसरी वही. येत्या समितीच्या बैठकीत आठवड्यातला एक तास तिला शाळेत लेकरांबरोबर बसू द्यावं, असं मी मांडणार आहे. तिच्या वहीतली दोन पानं वाचून दाखवू का, असं तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘दाखवा काकू, पण लेकरांची नावं वाचू नका.’’