बदलीच्या गावची न्याहारी

बँकेतील अधिकाऱ्याची बदली झाली, की सामानाच्या यादीत गादी, बादली, इस्त्री यांची नोंद होते. तव्याची सहसा होत नाही. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब मागे राहिलेले असते. नव्या गावी एका खोलीत बिऱ्हाड मांडलेला हा मनुष्य चहा-बिस्किटांवर सकाळ उरकून शाखेची वाट धरतो आणि दुपारचा डबा उघडेपर्यंत दोन वाजतात. ‘एकट्यासाठी कोण करत बसणार?’ हा त्याचा युक्तिवाद रास्त वाटतो, पण टिकणारा नाही. ज्याला अंडे चालते त्याच्यापुरता तरी फ्रेंच टोस्टने तो केव्हाच निकालात काढला आहे.

या पदार्थाचे नाव भारदस्त असले, तरी कूळ काटकसरीचे आहे. फ्रान्समध्ये त्याला ‘वाया गेलेला पाव’ या अर्थाचे नाव आहे, तर जर्मनीत ‘गरीब सरदार’. एपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकसंग्रहातही दुधात भिजवून तळलेल्या आणि वर मध घातलेल्या पावाची कृती आढळते. हैदराबादचा ‘डबल का मीठा’ याच गोत्रातला, फक्त तूप-साखरेच्या बाबतीत अधिक सढळ. मराठी घरातील फोडणीच्या पोळीमागेही हाच विचार आहे. शिळे म्हणून टाकायचे नाही, त्याला नवे रूप द्यायचे.

म्हणूनच मुद्दाम ताजा, लुसलुशीत पाव आणून फ्रेंच टोस्ट करणे हा या पदार्थावर अन्यायच होय. ताजा काप मिश्रणात बुडताच लिबलिबीत होतो आणि उचलताना तुटतो. कालच्या-परवाच्या पावातील ओल कमी झालेली असते, पिठूळ अंश घट्ट झालेला असतो. तो दूध-अंडे शोषूनही आकार सोडत नाही. एकट्या माणसाला पावाचा पुडा संपवणे अवघडच, तेव्हा शिळ्या कापांची वाण कधी पडत नाही. (बुरशी धरलेला पाव मात्र शिळा नव्हे, खराब, तो टाकलाच पाहिजे.) संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून. पुड्याच्या तळाशी राहिलेले ते चार काप या हिशेबात धरलेले आहेत.

दोन कापांना एक अंडे, पाव वाटी दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ आणि असल्यास वेलची पुरे होते. काप दोन्ही बाजूंनी मिळून मिनिटभर भिजवावेत व लोण्यावर किंवा तुपावर भाजावेत. बहुतेकांची चूक होते ती आचेत. घाईने गॅस मोठा केला की साखर करपते, बाहेरून रंग येतो आणि आत अंडे कच्चे राहून वास मारते. मंद आचेवर प्रत्येक बाजूला अडीच-तीन मिनिटे द्यावीत. तेवढ्या वेळात चहा होतो.

साखर वर्ज्य असलेल्याने कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तिखट टोस्ट करावा. त्याला ‘फ्रेंच’ म्हणावे की नाही, हा वाद जाणकारांनी खुशाल घालावा. अंड्याऐवजी बेसन वापरणारेही आहेत. तो पदार्थ चविष्ट असतो, परंतु त्याचे नाते धिरड्याशी अधिक जवळचे. आणि मैद्याचा पाव तुपावर भाजून रोज खाणे कोणाच्याही हिताचे नाही, हेही खरे. आठवड्यातून दोनदा पुरे. इतर दिवशी पोहे-उपमा शिकण्याचा मार्ग मोकळाच आहे, आणि ज्याने आच सांभाळायला शिकून घेतले त्याला तो फारसा कठीण जात नाही.

तवा घ्यायचा तो मात्र जाड बुडाचा. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर दूध-साखरेचे मिश्रण हमखास चिकटते, आणि मग साडेनऊच्या घाईत तो घासत बसावे लागते.