पहाटेची गाडी आणि आपली तब्येत

हिवाळा लागला की आरोग्याच्या पानावर डिंकाचे लाडू, तिळाचे तेल आणि टाचांच्या भेगा येतात. ते सगळे ठीक आहे. पण शिरूर आणि दौंडच्या आपल्या वस्त्यांत या दिवसांत जी दुखणी वाढतात, त्यांतली कितीतरी घरात लागत नाहीत, फाट्यावर लागतात. पहाटेच्या गाडीची वाट बघताना लागतात, आणि गाडी आली नाही म्हणून मिळेल त्या वाहनावर बसून गेल्यावर लागतात. म्हणून यंदा पहाटेच्या गाडीचा विषय आम्ही या पानावर आणला आहे.

आपल्याकडे काम घरापासून लांब. शिरूरकडचे लोक रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीला जातात. दौंडकडचे कुरकुंभला, नाहीतर रेल्वेने थेट पुण्याला. शिरूरला रेल्वे नाही, तिथे सगळा भार नगर रस्त्यावर. दौंड मोठे जंक्शन, मार्च २०१७ पासून पुणे-दौंड डेमू धावते. पण लांब पल्ल्याच्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी मध्येच उभी राहते, हे पासवाल्यांना आम्ही काय सांगावे! काही गाड्या तर दौंड स्टेशनात न येता कॉर्ड लाईनवरच थांबतात. तिथून रात्री घर गाठायचे म्हणजे रिक्षाचे पैसे वेगळे.

पाळी सकाळी सातची असेल तर घर पाचला सोडावे लागते. कायम कामगाराला बऱ्याच ठिकाणी कंपनीची बस फाट्यावरून उचलते. त्याच कंपनीत, त्याच मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला त्या बसमध्ये जागा नसते, रिकामी असली तरी नसते. आणि आपल्या वस्तीतून जाणारे बहुतेक ठेकेदाराकडचेच. पॅकिंग, लोडिंग, साफसफाई, कॅन्टीन. पंधरा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो. त्यामुळे गाडी आली नाही तर माणूस घरी परतत नाही, रस्त्यावर येईल त्याला हात करतो.

२०२१-२२ चा हिवाळा कुणी विसरलेले नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांनी महामंडळ राज्य शासनात विलीन करा म्हणून आंदोलन सुरू केले. दिवाळीनंतर राज्यभरची आगारे बंद पडली. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितले, तेव्हा कुठे गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. मधला सगळा हिवाळा तसाच गेला. त्या संपाबद्दल आमच्या मनात कडवटपणा नाही. तुटपुंज्या पगारावर घर चालवणारे ते चालक-वाहक आपल्यासारखेच कष्टकरी, आणि त्या दिवसांत त्यांच्यातल्या अनेकांनी जीव दिला. आमचे बोट शासनाकडे आहे. नोव्हेंबरमध्ये शासनाने प्रवाशांची सोय म्हणून खासगी बस, शाळेच्या बस यांच्याबरोबर मालवाहू वाहनांनाही माणसे नेण्याची परवानगी दिली. सिमेंटच्या गोण्या न्यायच्या त्या उघड्या हौद्यात माणसे उभी राहिली, तीही डिसेंबरच्या पहाटे.

संप मिटला, टेम्पोची सवय मात्र सुटली नाही. गाडी रद्द झाली, बंद पडली, भरून आली म्हणून थांबली नाही, की आजही आपण टेम्पोलाच हात करतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ही सवलत फार मोठी आहे, पण ती एसटीत बसल्यावरच मिळते. वडाप जीपवाला अर्धे पैसे घेत नाही. म्हणजे एसटी आली नाही की बाईचे भाडे त्या दिवशी दुप्पट होते.

आता अंगावर काय येते ते बघू. सुरुवात बायकांपासून करतो, कारण सर्वात जास्त त्याच सोसतात. फाट्यावर मुतारी नसते. किती वेळ उभे राहावे लागेल याचा भरवसा नसतो. म्हणून कितीतरी जणी पहाटे उठल्यापासून पाण्याचा घोट घेत नाहीत. थंडीत तहान तशीही कमी लागते. कामावर पोहोचल्यावर सुपरवायझर सोडेल तेव्हा लघवीला जायचे. त्यातून लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मूतखडा ही दुखणी मागे लागतात. मग डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या. पाणी प्यायल्यावर जायचे कुठे, ते कुणी सांगत नाही. लघवीला जळजळ होऊन थंडी-ताप भरला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर नुसत्या ताकावर आणि जिऱ्याच्या पाण्यावर राहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईने तर अजिबात थांबू नये.

याच ठिकाणी सिकलसेलबद्दल बोलले पाहिजे. विदर्भातून कामाला आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबे औद्योगिक वसाहतींच्या आसपास भाड्याने राहतात. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. यात लाजण्यासारखे काहीही नाही, तो कुणाच्या कर्माचा भोग नाही, आई-बाप दोघांकडून आलेला एक गुण आहे. या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका कशाने येतो? थंडीने, पाणी कमी पडल्याने आणि दमल्याने. पहाटेच्या फाट्यावर या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या डॉक्टरांपुढे असे रुग्ण कमी येतात, त्यामुळे हातापायांच्या सांध्यांत भयंकर दुखणाऱ्या पोराला 'थंडीने आखडले' म्हणून गोळी देऊन पाठवले जाऊ शकते. आपण होऊन सांगा की आम्ही विदर्भातले आहोत, घरात कुणाला सिकलसेल आहे. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या तपासणीबद्दल विचारा. ज्याला आजार आहे त्याने गरम कपड्यांइतकीच पाण्याची बाटली सांभाळावी आणि चालू असलेल्या गोळ्या तोडू नयेत. छातीत दुखून ताप आला, दम लागला, तर पाळी सोडावी, पगार कापला गेला तरी सोडावी.

दुचाकीवर जाणाऱ्यांचे वेगळे. थंड वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. ज्यांना आधीच बीपी आहे, साखर आहे, तंबाखूची सवय आहे, त्यांच्या हृदयावर पहाटे भार येतो. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याकडे जाणारी कळ, याला गॅस म्हणून सोडा पिऊन गाडी दामटू नये. तिथेच थांबून १०८ ला फोन करावा. बीपीची गोळी पहाटेच्या गडबडीत राहते, तर डॉक्टरांना विचारून तिची वेळ रात्रीची करून घेता येते. दम्याच्या माणसाने पंप डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवू नये, वरच्या खिशात ठेवावा आणि नाकावर फडके बांधूनच बाहेर पडावे. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालण्याची जुनी युक्ती खरोखर चांगली आहे, वारा आत येत नाही.

फाट्यावरची शेकोटी हवीहवीशी वाटते. पण तिच्यात टायरचे तुकडे आणि प्लास्टिक टाकले जाते, आणि तो धूर दमेकऱ्याला थंडीपेक्षा वाईट. लाकूडफाटा जाळा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. आणि थंडी पळवायला रात्रपाळीच्या आधी घेतलेला घोट? पंचशील रोज म्हणणाऱ्या घरात याबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे. शरीराचे म्हणाल तर दारूने कातडी गरम वाटते, कारण आतली ऊब बाहेर निघून जाते. त्यामुळे अंग उलट लवकर गार पडते, आणि वर हातात गाडीचे हँडल.

जीपमध्ये दहाच्या जागी पंधरा माणसे, काचा बंद. त्यात एकजण खोकतो. क्षयरोग अशाच कोंडलेल्या हवेत पसरतो. काच चार बोटे उघडी ठेवायला सांगावे, थंडी वाजली तरी. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला तपासून घ्यावा. थुंकीची तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

रस्त्याची भीती तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. थंडी म्हणजे उसाचा हंगाम. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर अंधारात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बंद पडून उभा असतो, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी. मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. चालत जाणाऱ्यांना दुसरे भय. शिरूर तालुक्याच्या ऊस पट्ट्यात, पिंपरखेड परिसरात, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याने माणसे मारली, त्यात लहान मुले होती. तिथल्या बाईला कुणी म्हणावे का, की गाडी नाही आली तर चालत जा?

अपघाताबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत असली पाहिजे. कामावर जाताना किंवा कामावरून येताना झालेला अपघात कायद्याने कामावरचाच अपघात धरला जाऊ शकतो. राज्य कामगार विमा कायद्यात २०१० मध्ये तशी तरतूद आली. अट एवढीच की वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. विम्याबाहेरच्या कामगाराचे काय, हा प्रश्न आपल्या मराठवाड्यातल्या एका घराने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. साखर कारखान्यातला एक पहारेकरी, पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ रोजी दुचाकीवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी घरच्यांना ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण अपघात कारखान्यात झाला नव्हता. शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रात्रीच्या पहाऱ्यासाठी वेळेवर पोहोचायला निघालेल्या माणसाचा तो अपघात कामातूनच घडलेला आहे. बावीस वर्षे लागली, पण निकाल आता सगळ्यांचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

म्हणून पगाराची चिठ्ठी मागा. दरमहा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापले जात असेल, तर कामावरच्या अपघातात बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघितले जात नाही. अपघात झाला की दवाखान्याच्या कागदावर 'कामावर जाताना' किंवा 'कामावरून येताना' असे लिहून घ्या, पोलिसांकडे नोंद करा, कंपनीला आणि ठेकेदाराला त्याच दिवशी लेखी कळवा. ठेकेदार म्हणेल की घरगुती पडझड लिहा, दवाखान्याचे मी बघतो. तसे लिहून देऊ नका. पहिली पट्टी बांधली की तो फोन उचलत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या खात्याच्या कामातून आली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा, प्रा. अडारकरांचा १९४४ चा अहवाल, हाही त्याच खात्याच्या काळातला. त्या आठ तासांना आज रस्त्याचे चार तास चिकटले आहेत आणि त्यांचा हिशेब कुठल्याच हजेरीपटावर नाही.

गाड्या नाहीत, चालक नाहीत, असे उत्तर प्रत्येक वेळी मिळते. आम्हाला ते अर्धेच पटते. दर १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाकडे लाखो लोक येतात आणि याच नगर रस्त्यावर शेकडो जादा बस सोडल्या जातात. आधी बैठका होतात, वाहनतळ ठरतात, पाण्याचे टँकर आणि फिरती शौचालये येतात. ते सगळे आपल्या मागणीमुळे आणि आपल्या संख्येमुळे होते. २ जानेवारीच्या पहाटे त्याच रस्त्यावर ठेकेदाराची बाई एकटी उभी असते, तेव्हा तिच्यामागे कुणी नसते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कंपनीच्या बसमध्ये जागा असेल तर ठेकेदाराच्या कामगाराला बसू द्यावे, गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग बघू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी गाडी चुकल्याचा अर्धा तास उशीर माफ करावा. कामगार जिथून गाडी धरतात त्या फाट्यांवर दिवा आणि मुतारी असावी. ही गोष्ट ग्रामसभेत मागता येते, त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही. पहाटेच्या पाळीला जुळेल अशी एक गाडी पक्की असावी, आणि ती रद्द होणार असेल तर आदल्या रात्री कळावे.

तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही, तारीख लागते. तेव्हा विहारात एक वही ठेवू या. कामावरून आलेल्याने त्यात चार ओळी लिहायच्या: तारीख, फाटा, किती वाजता उभे राहिलो, गाडी किती वाजता आली किंवा आलीच नाही. कशाने गेलो, किती पैसे गेले, किती मजुरी कापली गेली. आजारी पडलो असलो तर तेही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे पोरींनी लिहून घ्यावे. महिना भरला की महिला मंडळाने तिच्या तीन प्रती काढाव्यात, एक आगार व्यवस्थापकाला, एक कंपनीला आणि एक तहसीलदाराला, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.