घाट उतरायचा तो गिअरवर

नगरहून पाथर्डीला येताना करंजी घाट लागतो. मोहटादेवीच्या यात्रेत या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. नव्या मोटारी आल्या आणि त्यांच्याबरोबर एक मतही आले: घाट उतरताना क्रूझ कंट्रोल लावावे. ताशी ५० चा वेग ठरवून दिला की गाडी त्यापुढे जात नाही, मग चूक होईलच कशी? हे मत घातक आहे.

साध्या क्रूझचा हुकूम फक्त इंजिनावर चालतो. वेग पडला की ते इंधन वाढवते, वेग वाढला की कमी करते. पण उतारावर गाडीला रेटते ते तिचे स्वतःचे वजन. दीड टनाची मोटार १०० मीटर खाली उतरते, तेव्हा ताशी ८० ने धावणाऱ्या त्याच मोटारीत असते त्याच्या जवळजवळ चौपट ऊर्जा मोकळी होते. ती जिरवायची कुठे? वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडी फारशी धरत नाही आणि मॅन्युअल गाडीत क्रूझ गिअर पाडून देत नाही. मग ५० लावूनही काटा ६० ओलांडतो.

‘आमची गाडी स्वतःच ब्रेक लावते’, हे दुसरे उत्तर. काही गाड्या लावतात, हे खरे. पण ब्रेक कोणीही लावला तरी तापतो तोच. सतत घासून पॅड तापले की पकड जाते, ब्रेक ऑइल उकळले की पॅडल पोकळ लागते. पाय पॅडलवर नसेल तर हे चालकाला कळणार कधी? शिवाय वळणावर समोरचा उसाचा ट्रॅक्टर अशा गाडीच्या अंतर मोजणाऱ्या रडारच्या टप्प्यातून निसटला, तर गाडी ठरलेला वेग गाठायला पुन्हा पुढे झेपावते.

‘खालच्या गिअरने डिझेल जास्त जाते’, ही तिसरी समजूत. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

मग करावे काय? उतार सुरू होण्याआधीच क्रूझ बंद करावे. ज्या गिअरवर हा घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा. वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा, म्हणजे त्याला निवायला वेळ मिळतो.

क्रूझ कंट्रोल टाकाऊ नाही. १९५० मध्ये राल्फ टीटर या अंध अमेरिकी अभियंत्याने त्याचे पेटंट मिळवले. समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याने पायाला विसावा मिळतो. घाटाचा स्वभाव वेगळा. तिथे दर वळणाला नवा वेग ठरवावा लागतो आणि तो वळण पाहणाऱ्यानेच ठरवायचा असतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चढावर गाडी उचलायला शिकवतात. तितक्याच काटेकोरपणे ती उतरवायलाही शिकवली पाहिजे.