गर्द, टर्की आणि सकाळचा डोस

भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडून अलिबागला वीकेण्ड मारणाऱ्या मंडळींनो, त्याच रायगडच्या किनाऱ्यावर उरण तालुक्यात न्हावाशेवा बंदर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे १९१ किलो हेरॉइन सापडलं, बांबूसारख्या रंगवलेल्या पाइपांत लपवलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तर चक्क ज्येष्ठमधावर हेरॉइनचा लेप! कंटेनर पकडला की ब्रेकिंग न्यूज होते. पण हा माल ज्यांच्या अंगात आधीच भिनलाय, त्यांचं काय?

हेरॉइनचा भेसळीचा, स्वस्त अवतार म्हणजे गर्द. अनिल अवचटांच्या लेखनामुळे हा शब्द मराठी घरांत पोचला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. गर्द मिळाली नाही की येते ती ‘टर्की’. अंग मोडून निघतं, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, झोप उडते. मग माणूस मजेसाठी नाही, टर्की टाळण्यासाठी पुन्हा गर्द ओढतो. नुसत्या विलपॉवरचे फंडे इथे पुरत नाहीत.

म्हणून मेथाडोन. रोज एक डोस, बहुतेक वेळा सिरप, नर्ससमोर प्यायचा. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुजवली. भारतात २०१२ नंतर मोजक्या केंद्रांवर ती सुरू झाली, त्यात परळचं केईएमही होतं. आपल्याकडे जास्त चालते ती जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी.

‘म्हणजे व्हिस्की सोडून बिअर?’ माझ्या एका मित्राची कॉमेंट. नाही रे बाबा! योग्य डोसमध्ये किक बसत नाही. असर हळू चढतो, साधारण दिवसभर टिकतो, टर्की येत नाही. सुई सुटते, उधारी सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. अर्थात डोस चुकला तर मेथाडोन श्वास थांबवू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि उपचार मध्येच सोडून पुन्हा जुन्याच मापाने गर्द घेतली, तर सवय मोडलेल्या शरीराला ती झेपत नाही. जीव जातो तो अशा वेळी.

आता प्रश्न आपल्या ऑफिसचा. डायलिसिसवाल्या सहकाऱ्याची शिफ्ट आपण न कुरकुरता बदलून घेतो. सकाळचा डोस घेऊन साडेदहाला पोचणाऱ्याचा लेटमार्क माफ कराल? की कॅण्टीनमध्ये त्याला ‘गर्दुल्ला’ म्हणाल? त्याने उपचार सोडायला तो एक शब्दही पुरेसा होतो, बॉस.

जवळच्या कुणाला गरज असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन फुकट आहे.